शिंदळ माकुडी मरते ती श्रावणात

शिंदळ माकुडी जगली नाही, की भंडारा जिल्ह्यात दोष ठरलेला: ऊन. नवतप्यात पारा 45 अंशांवर चढतो, तिथं वीतभर उंचीचं हे मांसल झुडूप तगणार कसं, असा सरळ हिशेब. माझा अनुभव उलटा आहे. करडीसारख्या धानाच्या गावात ही वनस्पती जाते ती रोवणीच्या दिवसांत आणि त्यानंतर, आणि जाते ती पाण्यानं. उन्हाळ्याची तजवीज तिची तिनंच केलेली असते. पानं गाळायची, खोडं सुरकुतू द्यायची आणि गप्प पडून राहायचं. दुपारची थोडी सावली मिळाली की तिचं भागतं. ते वाळकं रूप बघून माणसं कळवळतात आणि तांब्याभर पाणी ओततात. कुजण्याची सुरुवात बहुधा तिथंच.

यावर हमखास प्रश्न येतो, आणि तो रास्तही आहे. ही तर सह्याद्रीची. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी 1860च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला शास्त्रीय नाव दिलं. शिवनेरीच्या कड्यांवर ती आहे, महाबळेश्वराकडेही आहे. महाबळेश्वराला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडे तेराशेच्या आसपास. मग आपल्याच पावसात ती कुजावी का? उत्तर पावसाच्या आकड्यात नाही, कड्यात आहे. उभ्या कातळाच्या फटीत माती चिमूटभर. पाणी पडतं आणि निथळून जातं, वाऱ्यानं खोडही लवकर सुकतं. आपली कन्हार किंवा मोरांड माती कुंडीत भरली, की ती पाणी धरून बसते. बांधीत जो गुण, तोच कुंडीत काळ. म्हणून निम्म्याहून जास्त भाग चुरी, मुरूम आणि फुटक्या कवेलूंचे वाटाण्याएवढे तुकडे घ्यावेत; उरलेल्यात बरडी माती आणि मूठभर जुनं, चाळलेलं शेणखत. एवढ्या खड्यांत ती खाणार काय, असं कुणी म्हणेल. तिला फार लागतच नाही. खत वाढवलं की खोडं लांबतात, पोचट होतात आणि पहिल्याच झडीत बसतात.

झड लागली की कुंडी छपरीत, उजेडाच्या कडेला घ्यावी आणि पाणी बंद करावं. पानांवर भरवसा ठेवू नये, बुडाशी कुज लागली तरी ती काही दिवस हिरवी राहतात. मातीलगतचं खोड बोटानं हळूच दाबून पाहावं. निरोगी असेल तर कोवळ्या काकडीसारखं टणक लागतं. तपकिरी, पाणीदार होऊन दबलं, तर त्याच दिवशी स्वच्छ पात्यानं वरून कापावं. कापाच्या तोंडावर तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापावं. मग कांडी सावलीत, तोंड पुरतं सुकेपर्यंत तशीच ठेवावी आणि कोरड्या चुरीवर आडवी टाकावी. पेरांशी पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावा. हे सांभाळलं, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळ्या नक्षीची, तांबडी-जांभळी, चांदणीसारखी फुलं येतात. त्यांच्यावर माश्या घोंगावतात, त्यांना हाकलू नये. परागीकरण त्याच करतात.

इतकी दुर्मीळ वनस्पती घरी ठेवावीच का, हा आक्षेपही मला मान्य आहे, पण अर्धाच. 1980च्या दशकात जगातल्या सर्वांत संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती. मात्र कांडीपासून ती सहज होते, त्यामुळे बागेतल्या रोपाची कांडी लावल्यानं कड्याचं काही जात नाही. कड्यावरून ओरबाडलेलं रोप मात्र मुळं तुटलेलं असतं आणि आपल्या दमट हवेत तेच आधी सडतं. विकणाऱ्याला ही कांडी कुठल्या रोपाची, एवढं विचारावं. तो चाचरला, तर पैसे खिशातच ठेवावेत.