संगणक बंद पडला, हिशोब कुठे गेला?



आपल्या अंकात दर वेळी वही कशी लिहायची, ठराव कसा करायचा असा एखादा धडा असतो. या वेळचा धडा संगणकाचा आहे. "आम्ही कुठं संगणकाला हात लावतो?" असं म्हणून पान उलटू नका. संगणक कार्यालयात असला तरी त्यातले पैसे तुमचे आहेत.

गेल्या जूनमधली गोष्ट. घोडेगावात पाऊस लागला होता, वीज सारखी जात-येत होती. एका सकाळी कार्यालयातला संगणक सुरू केला तर पडदा काळाच राहिला. आतून खट्-खट्, खट्-खट् असा आवाज येत होता. मी घाबरून तो बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. असं दहा-बारा वेळा तरी केलं असेल. ही माझी मोठी चूक होती. का ते पुढे सांगते.

त्याच आठवड्यात आदिवासी पट्ट्यातल्या एका गटाच्या ताई आल्या. हिरडा विकून आलेल्या पैशातून त्यांनी एप्रिल आणि मे महिन्याचे हप्ते भरले होते, दीड-दीड हजाराचे. त्यांचं पासबुक तपासणीसाठी कार्यालयात आलं होतं, म्हणून त्या दोन नोंदी पासबुकात नव्हत्या, फक्त संगणकात होत्या. "पैसे भरले ना मी? मग आता पुरावा कुठून आणू?" असं त्यांनी विचारलं. "संगणकात आहे, काळजी करू नका" हे त्यांना मीच सांगितलं होतं.

माहिती कुठे असते?

संगणकाच्या डब्यात हार्ड डिस्क नावाचा एक भाग असतो. आपल्या तळहातात मावेल एवढा. त्यात गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय थर असतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिच्यावर एक बारीक हात पुढे-मागे फिरतो आणि लिहितो-वाचतो. त्याचं टोक तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. म्हणून चालू संगणकाला धक्का बसला किंवा वीज अचानक गेली-आली की डिस्कला धोका असतो. टोक तबकडीला घासलं तर थर खरवडला जातो. थर गेला की त्या जागेवरची नोंदही जाते.

खट्-खट् आवाजाचा अर्थ बहुतेक वेळा असा की तो हात आपली जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाही. अशा वेळी मी दहा-बारा वेळा संगणक चालू केला. म्हणजे दुखऱ्या पायावर माणसाला पुन्हा पुन्हा चालायला लावलं.

बिघाड तीन प्रकारचे

पहिला: डिस्क चांगली, पण संगणक बिघडलेला. वीज देणारा भाग जळतो किंवा विंडोज सुरू होत नाही. मग डिस्क काढून केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळी माहिती तशीच मिळते. त्यामुळे संगणक बंद पडला म्हणजे हिशोब गेला, असं लगेच समजू नका.

दुसरा: डिस्क चांगली, पण फाइल चुकून पुसली गेली. वहीचं अनुक्रमणिकेचं पान फाटलं तर आतली पानं जात नाहीत, फक्त कुठलं पान कुठे ते कळत नाही. हार्ड डिस्कमध्येही तसंच होतं. फाइल पुसली की तिची अनुक्रमणिकेतली नोंद निघते, मजकूर जागेवर असतो. पण संगणक ती जागा मोकळी समजतो आणि त्यावर दुसरं काहीतरी लिहितो. एकदा वर लिहिलं गेलं की खालचं परत येत नाही. म्हणून फाइल पुसली गेली असं लक्षात येताच त्या संगणकावर काम थांबवा. आधी कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, बघा. तिथे नसेल तर जाणकाराकडून टेस्टडिस्क, फोटोरेक, रेकुवा अशा प्रोग्रामने शोधून घ्या. पण प्रोग्राम त्याच डिस्कवर टाकू नका आणि सापडलेली फाइलही तिथेच साठवू नका.

तिसरा: डिस्कच बिघडलेली. आवाज येतो, डिस्क फिरत नाही, किंवा संगणकाला ती दिसतच नाही. इथे घरगुती उपाय नकोत. डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका, आपटू नका, झाकण उघडू नका. आत धुळीचा कण गेला तरी नुकसान होतं. भिजली असेल तर उन्हात वाळवू नका आणि चालू करून बघू नका. जाणकार माणूस आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतो, मग त्या प्रतीवर काम करतो. हातच बदलायचा असेल तर ते काम धूळ नसलेल्या खास खोलीतच करावं लागतं, आणि त्याचा खर्च बराच असतो. म्हणून खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या.

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्क्याचं भय कमी. पण ती आवाज न करता अचानक बंद पडू शकते, आणि तिच्यातून पुसलेली फाइल बहुतेक वेळा परत मिळत नाही.

आमची डिस्क परत मिळाली का?

अर्धीमुर्धी मिळाली. मार्चअखेरपर्यंतची फाइल उघडली. एप्रिलपासून नवीन वर्षाची नवी फाइल सुरू केली होती, ती नेमकी खराब जागेवर होती. ती मिळाली नाही. "आवाज आल्यावर लगेच बंद केला असता तर कदाचित निघाली असती," असं तो तंत्रज्ञ म्हणाला. ते ऐकून मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

मग त्या गटाची खास बैठक लावली. गटाचं बँक पासबुक, इतिवृत्त वही आणि प्रत्येकीचं स्वतःचं पासबुक घेऊन सगळ्या बसल्या. एप्रिलच्या बैठकीनंतर गटाने बँकेत ११,४०० रुपये भरले होते. बाकीच्या नऊ जणींची बचत आणि हप्ते यांची बेरीज ९,७०० झाली. फरक १,७०० चा. म्हणजे ताईंचा हप्ता १,५०० आणि बचत २००. इतिवृत्तात त्यांची हजेरी होती आणि "सर्वांनी बचत व हप्ते भरले" अशी ओळ होती. मे महिन्याचाही मेळ असाच बसला. सगळ्यांनी ठराव करून सह्या-अंगठे केले, आणि ताईंच्या पासबुकात दोन्ही नोंदी झाल्या.

संगणकातून जे मिळालं नाही ते वहीतून मिळालं, कारण वही लिहिणारीने ती बैठकीतच लिहिली होती.

एकाच जागी ठेवू नका

तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले गेले ही कथा आपल्याला माहीत आहे. संताजी जगनाडे अभंग लिहून ठेवत असत, म्हणूनही ते टिकले असं सांगतात. हिशोबाचीही एकापेक्षा जास्त प्रत हवी.

आणि ती वेगळ्या जागी हवी. आपल्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. घरांबरोबर घरातले कागदही गाडले गेले. कागद काय आणि संगणक काय, एका छपराखाली असतील तर एकदमच जातात.

यासाठी सोपा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याला तो असा पाळता येईल:

१. पहिली प्रत कार्यालयाच्या संगणकात.
२. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर. दर महिन्याच्या बैठकीनंतर प्रत घ्या, मग ती काढून कोषाध्यक्षांच्या घरी ठेवा. संगणकाला लावूनच ठेवली तर वीज किंवा व्हायरस दोन्हींना एकदम खाईल.
३. तिसरी प्रत संघाच्या गुगल ड्राइव्हवर. तो पासवर्ड एकटीकडे नको, दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा.
४. तीन महिन्यांतून एकदा प्रत उघडून बघा. न उघडलेली प्रत चालतेच असं धरून चालू नका.
५. वही आणि पासबुक बंद करू नका. पैसे हातात आले की नोंद त्याच बैठकीत.

अजून एक. डिस्कमध्ये तुमची नावं, आधार नंबर, खाते नंबर असतात. दुरुस्तीला देताना पावती घ्या, जुनी डिस्क परत मागून घ्या. माहिती पूर्ण पुसल्याशिवाय भंगारात देऊ नका.

पुढच्या बैठकीत हे विचारा

- आपल्या गटाच्या हिशोबाची प्रत कुठे-कुठे आहे?
- शेवटची प्रत कोणत्या तारखेची?
- माझ्या पासबुकात गेल्या बैठकीची नोंद झाली आहे का?

तिसरा प्रश्न प्रत्येकीने आपलं पासबुक उघडून स्वतः तपासायचा. पासबुक कार्यालयात राहिलं असेल तर मागून घ्या. "संगणकात आहे" असं कोणी म्हणालं, मी म्हणाले तरी, "ते असू दे, माझ्या पासबुकात लिहा" असं म्हणा. मला राग येणार नाही.