आमदारकी जवळून पाहताना

सेनगावसारख्या तालुक्यात वार्ताहरकी करणाऱ्याला आमदार सगळ्या अवस्थांत दिसतात: गुडघ्याला बाशिंग बांधून तिकिटाची वाट पाहणारे, गुलालात न्हालेले आणि पडल्यावरही सोयरिकी सांभाळत फिरणारे. हे सगळं बघून जे कळलं, ते इथे मांडतो.

१. इथला मतदार सहसा माणूस बदलत नाही.
आमचा तालुका हिंगोली मतदारसंघात येतो. १९९९, २००४ आणि २००९ असे तीन वेळा काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ ला भाजपचे तानाजी मुटकुळे. पाव शतकात आमदार बदलला तो एकदाच. तेव्हा इथे आमदारकीची स्वप्नं बघणाऱ्याने आधी थांबायला शिकावं. पडल्यावर जो घरी बसला, त्याला लोक पुढच्या पोळ्यापर्यंत विसरतात.

२. पायऱ्या चुकवू नयेत.
शेजारच्या कळमनुरीचे राजीव सातव बघा. आई रजनी सातव मंत्री राहिलेल्या, तरी राजीवभाऊंनी आधी पंचायत समिती केली, मग जिल्हा परिषद. २००९ ला आमदार झाले आणि २०१४ च्या मोदी लाटेतही १,६३२ मतांनी लोकसभा जिंकले. पंचायत समितीत घासलेल्या माणसाला कोणत्या गावात कोणाचं कोणाशी जमत नाही, हे तोंडपाठ असतं. अटीतटीच्या लढतीत तेच कामी येतं.

३. लोक आमदाराला फोनवर मोजतात.
हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि नेमका डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालेला. चार-पाच शेतकरी सकाळीच आमदाराच्या दारात. आमदार इंजिनिअरला फोन लावतात, स्पीकर चालू करतात, आवाज चढवतात. पलीकडून "साहेब, ऑइल नाही, दोन दिवसांत बसवतो." डीपी आठवड्यानेही बसत नाही, पण "साहेबांनी आमच्यासमोर झापलं" हे गावभर होतं. तेच लग्नाचं आणि तेराव्याचं. न आलेला आमदार लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

४. निधीचा बोर्ड मोठा, हात छोटा.
स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटींचा आहे. आमदार फक्त काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि काम यंत्रणा करते. मतदारसंघातली गावं मोजली की पाच कोटी सभामंडप, सिमेंट रस्ता आणि पेव्हर ब्लॉकमध्येच जिरतात. मोठं काम हवं तर ते राज्याच्या अर्थसंकल्पात बसवून घ्यावं लागतं. तिथे आमदाराचं वजन कळतं.

५. खरं हत्यार प्रश्नाचा कागद.
तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांवर गावात कोणी फटाके फोडत नाही. पण "हे खरे आहे काय?" असा प्रश्न छापून आला की मंत्रालयापासून तहसीलपर्यंत फायली हलतात, कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने द्यायचं असतं. उत्तर पुष्कळदा "अंशतः खरे आहे" असं येतं. तेही चालतं. त्या "अंशतः"चं बोट धरून सभागृहात उपप्रश्न विचारता येतो. २०१९ मध्ये आमच्या ताकतोड्याच्या शेतकऱ्यांनी नापिकी आणि कर्जाला कंटाळून गावच विकायला काढलं, तेव्हा राज्यभरचे कॅमेरे आले नि गेले. कॅमेरे गेल्यावरही विषय जिवंत ठेवायला सभागृहातली नोंदच लागते.

६. एका दिवसाचा निर्णय सगळ्या कारकिर्दीला चिकटतो.
जुलै २०२२ मध्ये कळमनुरीचे शिवसेना आमदार संतोष बांगर विधानसभा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ठाकरे गटाबरोबर होते. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावाला शिंदे गटाबरोबर. त्यावर काय काय बोललं गेलं! तरी २०२४ ला लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. पक्षांतराचा हिशेब पारावर एक असतो आणि मतपेटीत दुसराच. दोन्हीकडे कान ठेवल्याशिवाय भाकीत करू नये.

७. दीर्घ कारकीर्द साधेपणावर आणि अभ्यासावर टिकते.
सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ११ वेळा निवडून आले. पहिली निवडणूक १९६२ ची. १९७२ आणि १९९५ ला हरले. पक्ष मात्र बदलला नाही. पाण्यावर बोलायला उभे राहिले की सत्ताधारीही ऐकत. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने एक विषय आयुष्यभर धरला की काय होतं, ते सांगोल्याने पाहिलं. आमच्याकडे हळद आणि सोयाबीन आहे, सिंचनाचा अनुशेष आहे. धरायला विषयांची वाण नाही.

एवढं बघून मी तरुण पोरांना एकच सांगतो. आमदार गावात आले की सभामंडप जरूर मागा, पण त्याआधी विचारा, "साहेब, गेल्या अधिवेशनात आपल्या तालुक्यावर किती प्रश्न टाकले?" विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज वाचायला मिळतं. वाचून गेलेल्या चार पोरांना हार-तुऱ्यावर परत पाठवणं कोणत्याही आमदाराला जड जातं.