न दिसणारे जंत

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका वाडीवर गेलो होतो. एका घरच्या ओसरीवर बसलो. अंगणात कुत्रीची चार पिल्ले लोळत होती. पिल्ले दीड महिन्यांची होती. घरातले तीन वर्षांचे पोर त्यांच्यात बसून माती खेळत होते. मध्येच बोट तोंडात घाली, मध्येच पिल्लाला कवटाळी.

एका पिल्लाचे पोट टम्म फुगले होते. पाठीची हाडे मात्र दिसत होती. आम्ही विचारले, "याला जंताचे औषध दिले का?"

घरधनी म्हणाले, "कशाला? आजवर एकबी जंत पडलेला पाहिला न्हाई."

आपण सगळेच असे म्हणतो. जंत डोळ्यांना दिसला, तरच तो आहे असे धरतो. इथेच आपली चूक होते.

जंत आतड्यात राहतो. मादी रोज हजारो अंडी घालते. ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात. अंडी इतकी बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्रा धडधाकट दिसतो, भाकरी खातो, राखण करतो. तरी त्याच्या पोटात जंत असू शकतात.

पावसाने विष्ठा मातीत मिसळते. आपल्याला वाटते, घाण गेली. पण अंडी मागे राहतात. गोल जंताची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात. पुढे ती वर्षानुवर्षे टिकू शकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे ती पोटात जातात. मग त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्या यकृतात, फुप्फुसांत फिरतात. क्वचित एखादी डोळ्यात शिरते आणि त्या डोळ्याची नजर जाऊ शकते.

दुसऱ्या एका जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तिथे नागमोडी रेघ उठते आणि फार खाज सुटते.

मग ही अंडी पाहायची कशी? कोंबडीचे ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवले, की ते वर येते. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर हीच युक्ती करतात. थोडी विष्ठा खारट पाण्यात कालवून गाळतात. ते पाणी नळीत काठोकाठ भरतात. वर पातळ काच ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत जंताची अंडी वर येऊन काचेला चिकटतात. ती काच सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरली, की अंडी स्वच्छ दिसतात. अंड्यावरून जंताची जात कळते. मग त्या जंताचे औषध जनावराच्या वजनाप्रमाणे देतात.

आपण एवढे करावे:

१. विष्ठा ताजी घ्या. सुपारीएवढी पुरे. मातीला लागलेला भाग घेऊ नका.

२. हातात पिशवी घालून ती उचला. झाकणाच्या स्वच्छ डबीत ठेवा. मग हात साबणाने धुवा.

३. डबी उन्हात ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उशीर झाला, तर काही अंडी फुटून अळ्या निघतात आणि तपासणी चुकते.

४. डबीवर चिठ्ठी लावा. आता आपल्याला लिहिता येते. मालकाचे नाव, जनावर, त्याचे वय आणि तारीख लिहा.

एकदा अंडी दिसली नाहीत, म्हणून जंत नाहीतच असे नव्हे. रोज सारखी अंडी पडत नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करा. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर तेही सांगा. ते चपट्या जंताचे तुकडे असतात.

लहान पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. आईच्या पोटात असतानाच त्यांना जंत लागतात. पण ते अंडी घालू लागेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. तोवर तपासणीत काही दिसत नाही. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाले, की तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून औषध सुरू करावे. पिल्लांच्या आईलाही द्यावे.

शेळीच्या लेंड्या आणि वासराचे शेणही असेच तपासता येते. गुरे तळ्याकाठी चरत असतील, तर डॉक्टरांना तसे सांगा. तिथे यकृतात राहणारे चपटे जंत लागतात. त्यांची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. त्यांची तपासणी निराळी असते.

त्या घरधन्यांनी दुसऱ्या दिवशी डबी नेली. डॉक्टरांनी त्यांना यंत्रातून पाहू दिले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "येवढी? आन् माझं पोर तिथंच खेळतंय!"

घरी येताच त्यांनी आधी अंगणातली विष्ठा उचलून खोल खड्ड्यात पुरली. मग पोराचे हात साबणाने धुतले. पिल्लांना आणि कुत्रीला औषध मिळाले. पोर आजही पिल्लांशी खेळते. पण जेवणाआधी आई त्याचे हात धुते.

सांगा पाहू:

१. जंत पडला नाही, तरी जनावराच्या पोटात जंत कसे असू शकतात?

२. तपासणीत मीठ कशासाठी वापरतात?

३. आपल्या घरच्या जनावरासाठी डबीवरची चिठ्ठी लिहा.