कुंड्यांना ताण द्या, उन्हाळ्यात फुलं घ्या

हिंगोलीत बर्फ पडत नाही, मग थंडीत कुंड्या घरात कशाला घ्यायच्या? डिसेंबर-जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं. कडाक्याच्या वर्षी शेजारच्या परभणीत पारा ५ अंशांखालीही गेला आहे. तरीही गड्ड्याची झाडं दगावतात ती नुसत्या गारठ्यानं नव्हे. गार माती आणि वर रोजचं पाणी, या दोन्हींनी मिळून गड्डा सडतो. बहुतेक घरी हे पाणी मायेनंच घातलेलं असतं.

शेतात मात्र आपण असं करत नाही. वसमत भागात हळदीचा पाला पिवळा पडून वाळायला लागला की पाणी तोडतात. काढणीनंतर बेणं सावलीत ढीग लावून, वाळल्या पाल्यानं झाकून ठेवतात आणि अक्षय तृतीयेनंतर लागवडीला काढतात. मोसंबी-संत्र्याच्या बागेला आंबे बहारासाठी ताण देतात, तोही थंडीतच. कुंडीतल्या फुलझाडांनाही हाच ताण द्यायचा आहे.

कोणती झाडं घ्यावीत

- लिली: नर्सरीत हिला अमरिलिस म्हणतात. लाल-केशरी, कर्ण्यासारखी मोठी फुलं. बहर मार्च-एप्रिलमध्ये.
- मे फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली: एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत लाल गोल गेंद येतो.
- अडेनियम: फुगीर बुंध्याचं, कोरड्या मुलखातून आलेलं झाड.

गुलाब, शेवंती, झेंडू यांना थंडीतलं ऊन मानवतं. ती बाहेरच राहू द्या.

साहित्य

तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंड्या, कुजलेलं शेणखत, वाळू, निंबोळी पेंड, हळदपूड, धारदार कात्री, दोन-चार विटा आणि नावं लिहायला खडू किंवा ऑइलपेंट.

कृती

१. दसऱ्यापर्यंत झाड पोसून घ्या. लिलीचं फूल मार्चमध्ये दिसतं, पण त्याची कळी गड्ड्याच्या पोटात कित्येक महिने आधी धरलेली असते. साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा, असा तिचा हिशेब असतो. म्हणून पावसाळ्यात पानं भरपूर वाढू द्या. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरते.

२. दिवाळीनंतर खत बंद करा आणि पाणी कमी करत न्या. आधी आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा थोडंसं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत लिली आणि मे फ्लॉवरचं पाणी पूर्ण तोडा.

३. पानं पिवळी पडू द्या, ओढून काढू नका. पिवळं पडणारं पान आपलं सत्त्व गड्ड्याला परत देत असतं. पान पूर्ण वाळलं की मानेच्या वर दोन बोटं ठेवून कापा आणि कापल्या जागी हळदपूड लावा.

४. आत घेण्याआधी कुंडी तपासा. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात आणि गड्ड्याच्या मानेशी कापसासारखा चिकटलेला असतो. तो साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून काढा. तळाच्या भोकाशी गोगलगायी आणि मुंग्या बसलेल्या असतात, तिथेही पाहा.

५. जागा ठरवा. झोपलेल्या गड्ड्याला उजेड लागत नाही. ओसरीचा कोपरा, जिन्याखालची जागा, माळा, कुठेही चालतं. फक्त ओल नको. कुंडी फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. शक्य असेल तर आडवीच करून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी सवयीनं पाणी घालणार नाही. अडेनियमला मात्र दक्षिणेची उजेडाची खिडकी द्या आणि बुंधा मऊ पडू लागला तरच कपभर पाणी घाला.

६. कुंडीवर नाव लिहा. पानं गेल्यावर ती रिकामी दिसते आणि संक्रांतीच्या साफसफाईत गड्ड्यासकट उकिरड्यावर जाते.

७. सुटे काढलेले गड्डे स्वयंपाकघरात ठेवू नका. लिलीचा गड्डा हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. मे फ्लॉवरचा गड्डा आणि अडेनियमचा चीकही विषारीच. लहान मुलं, जनावरं आणि कांद्याची टोपली यांच्यापासून हे सगळं लांब ठेवा.

८. पंधरवड्यातून एकदा गड्डा अंगठ्यानं दाबून पाहा. घट्ट लागला तर ठीक. मऊ लागला, वास आला तर काढून सडका भाग पांढरं निरोगी अंग लागेपर्यंत कापा, हळदपूड चोळा, चार-पाच दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत ठेवा.

९. महाशिवरात्रीच्या सुमारास लिली बाहेर काढा. वरची दोन बोटं माती खरवडून तिथे शेणखत भरा. गड्ड्याची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. एकदा भरपूर पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा देऊ नका. कोंब आला की नीट निरखा: चपटं, निमुळतं टोक एकटं वर येत असेल तर ते पान, आणि जाडजूड, टोकाशी फुगीर असेल तर तो फुलाचा दांडा. पुष्कळदा पान नसताना दांडाच आधी वर येतो.

१०. अडेनियमची छाटणी फेब्रुवारीत करा आणि हात साबणानं धुवा. एकदम कडक उन्हात न ठेवता आठवडाभर सकाळचं ऊन द्या, मग जागा बदला.

११. मे फ्लॉवरला हात लावू नका. त्याला कुंडी बदललेली आवडत नाही. एप्रिलच्या मध्यात थोडं पाणी सुरू करा. ठिपक्यांचा दांडा वर येतो आणि त्यावर शंभराहून जास्त बारीक फुलांचा गेंद उमलतो.

१२. फूल उमललं की कुंडी सावलीत घ्या. मे महिन्यात इथे पारा ४२ अंशांच्या वर जातो. दुपारच्या उन्हात गेंद दोन दिवसांत करपतो, ओसरीत आठवडाभर टिकतो. फूल सुकल्यावर दांडा कापा, पानं ठेवा.

ब्रह्मकमळ म्हणून आपण घरोघरी लावतो ते झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे, पण त्याला पूर्ण ताण सोसत नाही. थंडीत दहा-बारा दिवसांतून एकदा पाणी द्या आणि जागा हलवू नका. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नऊनंतर ते उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर गड्डा फेकू नका. लिंबाएवढ्या लिलीला सहसा फूल येत नाही, मोठ्या कांद्याएवढी झाली की येतं. तोवर पावसाळ्यात पोसायचं आणि थंडीत पाणी तोडायचं, एवढं दरवर्षी चुकू देऊ नका.