हत्तीरोगाचं औषध शोधायचंय? मग हे वाचा

‘बी.फार्म. म्हणजे शेवटी मेडिकलचं दुकानच ना?’ बारावीच्या निकालानंतर पालक हमखास विचारतात. तुमच्या मुलीला रसायनशास्त्र मनापासून आवडत असेल, तर तिला हत्तीरोगाबद्दल वाचायला द्या.

विदर्भात गडचिरोली, चंद्रपूरकडे हा आजार जुना आहे. डासातून शरीरात शिरलेले जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतात आणि पाय सुजत जातो. त्यांची पिल्लं रक्तात उतरतात ती बहुधा रात्री. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटाला सुई टोचून रक्ताचा नमुना घेतात. डीईसी हे औषध १९४७ पासून माहीत आहे. ते पिल्लं मारतं, मोठे जंत मात्र पुष्कळसे तगून राहतात, म्हणून गावागावांत दर वर्षी पुन्हा गोळ्या वाटाव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन जंतातल्या वोल्बाकिया जिवाणूंना मारून त्याला वांझ करतं, पण ते चार ते सहा आठवडे रोज घ्यावं लागतं, आणि गरोदर बायकांना देता येत नाही. थोड्या दिवसांत मोठा जंत मारणारं, सगळ्यांना चालणारं औषध अजून हवं आहे.

ते शोधायचं म्हणजे रेणूचा एखादा भाग बदलून नवं संयुग बनवायचं, जिवंत जंतांवर टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वळवळ थांबते का ते पाहायचं. थांबली, तरी ते यकृताला बाधतं का, पोटातून रक्तात पोचतं का, हे प्रश्न उरतात. बहुतेक संयुगं इथंच बाद होतात. रोगी गरीब, नफा नाही, म्हणून कंपन्या फारशा फिरकत नाहीत. हे काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेसारख्या (सीडीआरआय) सरकारी संस्थांत चालतं. हत्तीरोगाचं संशोधन आपल्या सेवाग्रामलाही झालं आहे.

वाट अशी: बी.फार्म. किंवा बी.एस्सी. रसायनशास्त्र, मग जीपॅट, नायपर किंवा जॅमची परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षण, नंतर नेट आणि पीएच.डी. सत्तावीस-अठ्ठावीस वय होतं, हे खरं. पण पीएच.डी. करताना जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडं. पुढे हेच कौशल्य कोणत्याही औषध कंपनीला लागतं, तेव्हा पोटापाण्याची फार धास्ती नको.

फक्त एक बघा. प्रॅक्टिकल फसलं की मुलगी वही मिटते, की पुन्हा करून बघते? पुन्हा करून बघत असेल, तर तिला अडवू नका.