शेततळ्यात बोटुकली सोडताना घाई करू नका



मत्स्यबीज यायचे दिवस आहेत. दरवर्षी दिसते ते असे: पिशवी आली, दोरी तोडली, बोटुकली तळ्यात धपकन ओतली. मग मर झाली की आपण म्हणतो, "बीजच खराब होतं." कधी खराब असतेही. पण बरेचदा मासा मरतो तो वाटेत आणि काठावरच्या पहिल्या तासात. मेलेली सगळी बोटुकली वर तरंगत नाही, बरीच तळाशी बसते. तळे शांत दिसते, आपण महिनोन्‌महिने खाद्य टाकत राहतो आणि जाळे ओढल्यावर कळते की खाणारे कमीच होते.

*आणण्याआधी*
▪️ आदल्या दिवसापासून बीजाला खाद्य बंद ठेवायला विक्रेत्याला सांगा. पोट भरलेला मासा पिशवीत विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया होतो.
▪️ पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पिशवी फुग्यासारखी टम्म हवी. मासा मोठा किंवा वाट लांब असेल तर पिशवीत संख्या कमी भरायला सांगा.
▪️ एक पिशवी समोर मोजून घ्या.
▪️ 30 × 30 मीटरचे तळे म्हणजे 900 चौरस मीटर. हेक्टरी 5 ते 10 हजार या हिशेबाने त्यात 450 ते 900 बोटुकली पुरे. स्वस्त मिळते म्हणून दुप्पट टाकू नका.

*वाटेत*
▪️ रात्री किंवा पहाटे निघा. पिशव्यांवर ओले पोते टाका, ऊन लागू देऊ नका. चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा.
▪️ कपाशीच्या फवारणीचा ड्रम किंवा बादली माशांसाठी वापरूच नका, कितीही धुतली तरी. नळाचे क्लोरीनचे पाणीही नको.

*तळ्यावर*
1️⃣ भल्या पहाटे सोडू नका. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरते, त्यामुळे पहाटे तळ्यात तो सर्वांत कमी असतो. सकाळी 8 ते 10 किंवा ऊन उतरल्यावर सोडा.
2️⃣ पिशवी बंदच ठेवून 20 ते 30 मिनिटे तळ्यात तरंगू द्या, शक्यतो सावलीच्या बाजूला. आतले-बाहेरचे पाणी हाताला सारखे लागले पाहिजे. माशाचे अंग पाण्याइतकेच गरम-गार असते, एकदम बदल त्याला सोसत नाही.
3️⃣ आता तोंड उघडा आणि तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घाला, 10 ते 15 मिनिटे. उघडून ठेवून गप्पा मारत बसू नका. बंद पिशवीत साठलेला कर्बवायू उघडताच निघून जातो, आणि तोवर दबलेला अमोनिया जास्त विषारी होतो.
4️⃣ पिशवीचे तोंड पाण्यात तिरपे धरा. मासे आपणहून पोहत जाऊ द्या. तळाची घाण आणि मेलेले मासे तळ्यात ओतू नका.
5️⃣ त्या दिवशी खाद्य नाही. दुसऱ्या दिवशी थोडेसेच.

*सर्वांत महत्त्वाचे:* 20 बोटुकली मोजून बारीक जाळीच्या हाप्यात त्याच तळ्यात 24 तास ठेवा. 18-19 जगली तर सोडणे साधले. 10 मेली तर तळ्यातही साधारण तेच झाले असे समजा, फोटो काढा आणि विक्रेत्याशी लगेच बोला. खाद्याचा हिशेब जगलेल्या माशांवर करा.

मोठी मर झाली तर वाट पाहू नका. यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि आपल्या कंपनीला कळवा.

एवढ्या सगळ्याला तासभर लागतो. त्या तासावर पुढचे आठ-दहा महिने अवलंबून आहेत. तुमच्या हाप्यात किती जगली, ते ग्रुपवर नक्की टाका.