कोड बरोबर, ग्रेड फसवा

प्रश्न : दारूला कधी शिवलो नाही, तरी ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ निघालं. डिस्चार्ज कार्डावर के७६.० लिहिलंय. विमा कंपनी मला दारुडा ठरवेल का?

उत्तर : नाही. दारूमुळे होणाऱ्या फॅटी लिव्हरचा कोड के७०.० आहे, तुमचा बरोबर आहे. २०२३ मध्ये तुमच्या आजाराचं नाव ‘मॅसल्ड’ झालं : यकृतात चरबी आणि जोडीला वजन, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी किमान एक बिघाड. हे कोड ज्या यादीतले, ती आयसीडी-१० त्याआधीची, म्हणून कोड जुनाच.

मला खटकतो तो ‘ग्रेड २’. तो चरबी सांगतो, यकृतावरचे व्रण नाही. व्रणांच्या अंदाजासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट यांवरून डॉक्टरांकडून फिब-४ हा आकडा काढून घ्या. पासष्टीच्या आत १.३पेक्षा कमी आला, तर सहसा व्रण तपासणाऱ्या फायब्रोस्कॅनची घाई नसते.